किल्ली खिशात टाकणारा सुपरवायझर

आमच्या संघटनेची ती डिझेल जीप अजून डोळ्यांपुढे येते. मागे जादा बाक, टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर भोंगा. कंपनीने त्या मॉडेलचे ब्रेक सदोष ठरवले, फुकट बदलून देऊ म्हणाली. नाशिकच्या शोरूमने मात्र आम्हाला हाकललं. म्हणे, गाडीत बदल केलेत! अरे, ब्रेक तर तुमचेच होते ना?

तरी आम्ही खेपा घालत राहिलो. तिथला सुपरवायझर प्रत्येक वाक्य "त्याचं असंय दादा"ने सुरू करायचा आणि बोलताना बॉनेटवर तळवा ठेवायचा, ताप बघावा तसा. मी त्याला तोंडावर मालकाचा चमचा म्हणायचो. तो हसायचा. "ओरडा दादा, चहा येईस्तोवर ओरडा."

एकदा त्याने जीप स्वतः चालवून पाहिली. परत आल्यावर थेट शोरूमच्या काचेच्या दारात ती आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली.

मॅनेजर धावत आला. "हटव ती!"

"त्याचं असंय साहेब, ब्रेक अर्धेच लागतात. ही पेठच्या घाटात माणसं नेते. ब्रेक बदलल्याशिवाय मी किल्ली देणार नाय."

आत नवी गाडी बघायला आलेली गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. मॅनेजरने दातओठ खात होकार दिला.

काम झाल्यावर ट्रायलला तो आमच्याबरोबर नाक्यापर्यंत आला. "जा आता. मला केबिनमध्ये बोलावलंय."

"आम्हीही येतो. घोषणा देऊ."

"नको दादा, उगाच आणखी वाढेल."

तो एकटाच चालत परत गेला. पुढच्या सर्व्हिसिंगला त्याच्या खुर्चीत दुसराच माणूस होता.