वाटीआधीची प्रार्थना

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळचं काम ठरलेलं होतं. नाचणीची पेज शिजवायची, दोनदा गाळायची, कोमट करायची आणि सासूबाईंना भरवायची. पहिली तीन कामं वीस मिनिटांत उरकत होती. भरवणं मात्र चार दिवस जमलं नव्हतं.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, जानेवारीच्या सुरुवातीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पनवेलच्या दवाखान्यात तीन आठवडे नाकातल्या नळीने त्यांचं पोट भरलं. ती नळी त्यांनी दोनदा ओढून काढली, म्हणून त्यांचा चांगला डावा हात कापडाच्या पट्टीने कॉटला बांधून ठेवावा लागला. पुढे गिळण्याची तपासणी झाली, त्यांनी चमचाभर पाणी नीट गिळलं, नळी निघाली आणि शुक्रवारी आम्ही त्यांना करंजाड्याच्या घरी आणलं. घरी आल्यापासून त्या पाणी घेत होत्या, पण पेजेची वाटी समोर आली की ओठ घट्ट मिटायच्या. डॉक्टरांनी सोमवारी फोनवर स्पष्ट सांगितलं, मंगळवार संध्याकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर बुधवारी पुन्हा नळी. म्हणजे पुन्हा ती पट्टी.

मी द्रोणागिरीच्या एका गोदामात स्टोअर सांभाळते. काय कमी आहे ते लिहायचं आणि मागवायचं, हे माझं रोजचं काम. खरं सांगायचं तर माझी प्रार्थनाही तशीच होती. प्रभू, आईंनी तोंड उघडू दे. प्रभू, रजा वाढवून मिळू दे. प्रभू, नळी नको. आमच्या चर्चचे पाळकसाहेब फोनवर प्रार्थना करत होते, मंडळीतल्या बायका करत होत्या, मीही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या करत होते. मागण्यात आम्ही कुठे कमी पडलो नाही. तरी चार दिवस काही घडलं नाही, आणि सोमवारी रात्री मी प्रार्थना न करताच आडवी झाले. रागाने नाही. तेच तेच किती वेळा सांगायचं, असं वाटलं.

आईंची प्रार्थना वेगळी होती. तीस वर्षं आमच्या टेबलावर जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच केली, आणि ती कधी लवकर संपली नाही. भाताबद्दल उपकार, मिठाबद्दल उपकार, गॅस वेळेवर आला त्याबद्दल, लिफ्ट बंद असताना पिशवी वर आणून देणाऱ्या वॉचमनबद्दल. ताटावर वाफ असायची आणि आई अजून भाजीवाल्याच्या मुलीपर्यंत पोचलेल्या असायच्या. मी डोळे मिटूनच म्हणायचे, "आई, आमटी गार होतेय." त्या तशाच डोळे मिटून म्हणायच्या, "आणि प्रभू, या घाईत असलेल्या सुनेबद्दलही तुझे उपकार." मुलं फिदीफिदी हसायची.

त्या आजारी पडल्यापासून आमच्या घरात कुणी एकत्र जेवलंच नाही. ज्याला वेळ मिळेल तो ओट्याशी उभा राहून खायचा. प्रार्थना कधी सुटली, माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या मंगळवारी आईंची देखभाल करणाऱ्या आमच्या नेहमीच्या बाईंना ताप आला आणि त्यांनी एका दिवसापुरत्या बदली बाई पाठवल्या. नावड्याच्या मंदाताई, पन्नाशीच्या, दोन रिक्षा बदलून आलेल्या. आल्या आल्या त्यांनी आईंची चादर नीट केली, केस विंचरले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी उशी उंच केली, वाटी घेतली. आईंचा डावा हात नेहमीसारखा उचलला गेला आणि छातीवरून माझ्या दिशेने सरकला. आधीच्या दिवशी त्याच हाताने अर्धी वाटी सांडली होती. मी तो माझ्या डाव्या हाताने खाली दाबला आणि चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेले.

"ताई, हात कशाला दाबताव त्यांचा?" मंदाताई म्हणाल्या.

"वाटी ढकलतात त्या."

"ढकलीत नाय. मी बगतेय ना मगासपासून. वाटी आली का यो हात त्या मेलेल्या हाताला शोधतोय. सोडा बघू."

मी सोडला. डावा हात पोटावरून चाचपत उजव्या बाजूला गेला, चादरीखालचा निर्जीव हात त्याने शोधला आणि त्यावर पालथा पडून राहिला. आईंनी डोळे मिटले.

मंदाताई हळूच म्हणाल्या, "तुमच्यात जेवाचे पयले काय बोलतान का? आमची सासू पन पयला घास बाजूला काढल्याबिगर ताटाला शिवत नाय."

माझ्या हातातली वाटी मी स्टुलावर ठेवली. चार दिवस ही बाई हात जोडायला धडपडत होती आणि मी तिचा हात दाबून धरत होते. तिने जेवावं म्हणून आत जाऊन प्रार्थना करत होते, आणि बाहेर येऊन तिची प्रार्थना मोडत होते.

मी त्यांच्या दोन्ही हातांवर माझा हात ठेवला आणि म्हटलं, "हे प्रभू, या पेजेबद्दल तुझे उपकार मानते. येशूच्या नावाने, आमेन."

आईंनी डोळे उघडले नाहीत.

"अजून बाकी हाय वाटतं," मंदाताई म्हणाल्या.

मला हसू आलं. मग मी पुन्हा सुरुवात केली. नाचणीबद्दल. गाळणीबद्दल. ताप आलेल्या बाईंबद्दल. नावड्याहून आलेल्या मंदाताईंबद्दल. चालणाऱ्या डाव्या हाताबद्दल. आई बऱ्या होतील का, बोलतील का, हे मी त्या वेळी विचारलंच नाही. मागायचं राहूनच गेलं. प्रभूने पाच भाकरी हातात घेतल्या तेव्हा समोर हजारो माणसं भुकेली होती, आणि त्याने आधी उपकार मानले, मग त्या मोडल्या. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आधी म्हणजे किती आधी, ते त्या कॉटशी उभी राहून कळलं. काही पुरेल की नाही हे दिसण्याच्याही आधी.

आमेन म्हटलं तेव्हा पेज गार झाली होती. आईंनी तोंड उघडलं. सात चमचे घेतले, दुपारी दहा. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, नळीचं पुढे बघू.

मंदाताई सहा वाजता पिशवी उचलून गेल्या. मी आभार मानले तर म्हणाल्या, "माज्याने काय झाला? हात तर त्यांचाच होता." त्या पुन्हा आल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बाई बऱ्या झाल्या. हा योगायोग होता की काय होतं, याची चर्चा मी कुणाशी केली नाही. मी मंदाताईंचं नाव प्रार्थनेत घेते, एवढंच. आईंची वाचा अजून आलेली नाही. येईल असं कुणी सांगितलेलंही नाही. ते मी आता प्रभूवर सोडलं आहे. सोडलेलं पुन्हा हातात घ्यायची मला सवय आहे, म्हणून रोज सोडते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी पेज गाळली, माझा चहा ओतला आणि ते दोन्ही आईंच्या कॉटशी नेऊन ठेवलं. आईंचा उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर, डाव्याला सहज सापडेल असा ठेवला. त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले, आणि त्यांच्या जागी मोठ्याने सुरुवात केली. मिठापासून. वॉचमनपर्यंत पोचेतो चहावर साय धरली होती. तो तसाच प्यायले.