ब्रह्मपुत्राची ओवाळणी

वाडीच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या देवरावांना पोहण्याचं वेड होतं, आणि वेडाला औषध नसतं. हिंगण्याच्या कंपनीतून सुटले की अंगाला जवसाचं तेल चोपडून ते छतावरच्या टाकीत गळ्याएवढ्या पाण्यात तास-तास बसत. शेजाऱ्यांनी त्या टाकीचं पाणी प्यायचं केव्हाच सोडलं होतं. वैनगंगा झाली, वर्धा झाली, नर्मदा झाली. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी ब्रह्मपुत्रेचं टुमणं लावलं. चाळीस किलोमीटर, एका दमात.

त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी नेहमीचाच उपाय उरला. नवरा पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक नदीची त्या खणानारळानं ओटी भरत. नदी म्हणजे माय, आणि ओटी भरलेली माय लेकराला गिळत नाही, एवढ्या एका भरवशावर त्या आजवर जीव धरून होत्या. यंदा खणही जरा भारीतला घेतला होता.

आसामातल्या घाटावर ओटी सोडायला त्या वाकल्या, तेव्हा नावाडी हसला. ही नदी नाही, नद आहे, पुरुष आहे, असं त्यानं हिंदीतून सांगितलं. नावातच पुत्र होता की! पुरुषाची ओटी कोण भरतं? पलीकडचा काठ दिसत नव्हता, गढूळ पाणी नुसतं सरकत होतं, आणि देवराव मजेत तेल चोळत होते. गोपिकाबाईंना भयंकर भीती वाटली आणि नवऱ्याचा रागही आला.

खण पिशवीत टाकून त्यांनी ताटलीत निरांजन लावलं आणि पाण्याला ओवाळलं.

"दादा, आजपासून तू माहा भाऊ. ओवाळनी टाकल्याबिगर राहू नको."

दुपारी गोपिकाबाई खालच्या घाटावर वाट पाहत होत्या, तिथे सोबतची नाव आली ती एकटीच. भोवऱ्यांच्या वळणावर देवराव दिसेनासे झाले होते. नावाडी आता हसत नव्हता. गोपिकाबाई रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसून राहिल्या. रडूही येईना.

ऊन कलल्यावर कोळ्यांनी वरच्या एका वाळूच्या बेटावरून देवरावांना उचलून आणलं. ओठ निळे, खांदा निखळलेला, पण जीव होता. शुद्धीवर येताच म्हणाले, "सातच किलोमीटर राहून गेले वं. पुढच्या साली..."

गोपिकाबाईंनी त्यांचा गारठलेला हात उचलून ताटलीत ठेवला.

"भावानं तुमाले ओवाळनीत टाकलं. ओवाळनी कोनी वापस करते का?"

देवरावांनी ताटलीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. हात त्यांनी काढून घेतला नाही, पण त्यांना रडू मात्र आवरलं नाही.