पांढऱ्या कपाळाच्या

लग्न होऊन कसबा बावड्यात राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळावर एका बाईनं मला हळू आवाजात विचारलं, "मालक कधी गेलं, बाई?"

"सकाळीच," मी म्हटलं. "कारखान्यात पहिली पाळी हाय. चारपर्यंत येत्यात."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मंगळसूत्र पदराखाली झाकलेलं, कपाळावर कुंकू नाही, एवढ्यावरून त्यांनी मला विधवा ठरवून टाकलं होतं. आम्ही ख्रिस्ती, माझ्या माहेरी कुणीच कुंकू लावत नव्हतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. घोटाळा पहिल्यांदा माझ्या शेजारणीच्या ध्यानात आला. ती एवढी हसली, की तिची भरलेली घागर कलंडली आणि माझी साडी भिजली. तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलं.

बाकीच्यांनी मात्र माझं नाव पाडलं, पांढऱ्या कपाळाची. टिकली तरी लाव की गं, असं कितीजणींनी सांगितलं. लावली असती तर काही बिघडत नव्हतं, कितीतरी ख्रिस्ती बायका लावतात. पण दुसऱ्यांच्या जिभेला घाबरून? मुळीच नाही!

माझ्या करंज्या तेलात हटकून फुटायच्या. म्हणून दर नाताळाला शेजारीण यायची, मुरड घालायची आणि माझी टिंगल करत निम्म्या करंज्या तळूनही द्यायची. मग एका गळीत हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि तिचा नवरा गेला. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. वर्षश्राद्ध उरकलं तरी दिवाळीला ती मागच्या खोलीतच. घरभर तळणाचा वास, आणि हिला बजावलेलं, सणाच्या पिठाला हात लावायचा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ट्रॉली उलटली, त्यात हिचा काय गुन्हा?

नाताळ जवळ आला तशी मी तिला बोलवायला गेले. दारात सासू आडवी. ती स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेली, आणि तीच म्हणाली, "हिच्या हातचं सणाला चालत न्हाय. तुझ्याच भल्याचं सांगते."

"मावशी, माझ्या कपाळावर तरी काय हाय?"

"तुझं येगळं. तुमच्यात चालतंय."

"मग आमच्यात येऊ दे की तिला! तासाभराचं तर काम हाय."

सासू हलली नाही. गल्लीत बोभाटा झाला, ही आता तिला बाटवणार. इकडे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी कौतुकानं सल्ला दिला, "येतेच आहे तर बायबलातली चार वचनं सांग, धर्माची एखादी माहितीपत्रिका दे." ह्यांना काय म्हणावं! "आधी तिला बसायला पाट देते," मी म्हटलं, "मग बघू." येशूचं नाव मी कधी लपवलेलं नाही. लपवायला काय चोरी केलीय? पण ज्या बाईला वर्षभर कुणी पोळपाटापाशी बसू दिलं नाही, तिच्या हातात आधी लाटणं द्यावं, हे मला येशूनंच शिकवलं होतं, असं तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. मी रोज त्या दारात जाऊन तेच विचारत राहिले. शेवटी सासू वैतागली. "जा बाई घिऊन. डोकं खाऊ नगंस."

शेजारीण आली, पण पिठाला हात लावेना. "तुमच्या देवाला खरंच चालतंय व्हय?" तिनं विचारलं. तेव्हा मी तिला गोष्ट सांगितली. एका विधवेचा एकुलता मुलगा मेला होता, तिरडी गावाबाहेर चालली होती. येशूनं त्या बाईला पाहिलं आणि त्याला कळवळा आला. त्यानं तिरडीला हात लावला, तशी माणसं थांबली. त्यानं पोराला उठवून आईच्या हवाली केलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या येळंला कोण थांबलं न्हाय."

मी तिच्याजवळ बसून रडले, तीही रडली. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले, हात धुतले, सारण चिमटीत घेऊन बघितलं आणि मलाच झापलं, "किती कोरडं केलंयस गं हे!"

नाताळच्या सकाळी ताटं वाटायला आम्ही दोघी निघालो. कुणी नाक मुरडलं तर काय सुनवायचं, ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. पहिलंच दार तिच्या सासूचं. मी तोंड उघडायच्या आत शेजारीणच बोलली, मान ताठ, आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आत्ती, ह्या करंज्या मी केल्यात. खायच्या असल्या तर खावा, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

समोर सडा घालणारी बाई तशीच उभी राहिली. सासूनं ताटावरचं फडकं उचललं. एक करंजी घेऊन तिची मुरड बोटानं चाचपत राहिली.

"आमचं मालक गेल्यापासनं," ती म्हणाली, "मला लाटाय कुणी बोलवलंच न्हाय."

चर्चला उशीर होत होता. होऊ दे, म्हटलं.

"पीठ उरलंय, मावशी. चला."

"थांब," ती म्हणाली. "हात धुऊन येते."