सरकारी नारळाची चटणी

धर्मापुरी फाट्यावर नागप्पाचं किराणा दुकान आणि समोर शहादेवचं हॉटेल. हॉटेलात टीव्ही, म्हणून अर्थसंकल्पाच्या दुपारी सगळा फाटा तिथं जमायचा. खरा कार्यक्रम मात्र नागप्पाचा. फाट्याचा रस्ता रुंद होणार, अशी घोषणा झाली की तो म्हणायचा, "होणार की! आजवर काय नारळ कमी फुटले?"

नारळ खरंच बरेच फुटले होते. निवडणूक आली की कुणीतरी पुढारी येऊन भूमिपूजन करी. नारळ नागप्पाच्याच दुकानातून जाई. फुटल्यावर त्याची एक भकल तो मागून घेई, आणि त्याची बायको नीलम्मा तिची चटणी वाटी. "सरकारकडनं पदरात पडतंय ते एवढंच," म्हणत नागप्पा ती हॉटेलात वाढायचा.

एकदा शहादेवने घोषणेवर भरवसा ठेवला. रस्त्याला जागा व्हावी म्हणून हॉटेलापुढचा दाट कडुलिंब तोडला. रस्ता आलाच नाही. तापलेल्या बाकड्यावर बसून नागप्पा वर्षभर विचारत राहिला, "शहादेवा, सावली कुठं गेली बे? मंजूर झाली का?" गिऱ्हाईक हसायचं. शहादेव कप विसळायचा.

गेल्या मार्चात मंत्री टीव्हीवर म्हणाले, यंदा तूट कमी करणारच. फाट्याचा रस्ताही जाहीर झाला. नागप्पा हसला नाही. त्याला हिशेबी विचाराची खोड. जो स्वतःहून तुटीचं बोलतो, तो ऐपत नसताना काम अंगावर घेणार नाही, असं त्याने ताडलं. जागा आधी मोकळी करील त्याला भरपाई आधी, असं पुढाऱ्याचा माणूसही सांगून गेला.

"भिंतीला हात लावू नका," नीलम्मा म्हणाली. "जन्मभर लोकाला हसलाव, आन आता तुमालाच कसं खरं वाटायलंय?"

"तुला न्हाई कळायचं. यंदा सरकार शाणं झालंय."

त्याने दुकानाची पुढची भिंत पाडली, शटर भंगारात घातलं. पाठोपाठ नारळही फुटला.

दिवाळीनंतर आदेश आला. तूट आवरायची आहे, सबब सुरू न झालेली कामं रद्द. उभ्या आयुष्यात नागप्पाने सरकारचा एकच शब्द खरा मानला, आणि सरकारने नेमका तोच पाळला.

भरपाई नाही, भिंत नाही. परळीच्या वीजकेंद्रातून राखेचे ट्रक जात, राख उघड्या साखरेवर, पोह्यांवर बसे. ढोरं गुळाला तोंड लावत. गिऱ्हाईक तुटलं. शहादेवने हॉटेलातच किराणा मांडला. मार्च येईतो नागप्पाच्या फळ्या रिकाम्या झाल्या.

अर्थसंकल्पाच्या दुपारी शहादेवने हाक मारली, "या आप्पा, तुमच्याबिगर मजा न्हाई." नागप्पा येऊन बसला. शहादेवने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि अदबीने विचारलं, "आप्पा, भिंत कुठं गेली? मंजूर झाली का?"

हॉटेल हसून लोळायला लागलं. तेवढ्यात नीलम्मा रस्ता ओलांडून आली. शेवटच्या भूमिपूजनाची भकल तिने वाळवून ठेवली होती. तिची चटणी तिने नवऱ्यापुढे ठेवली.

"खावा," ती म्हणाली. "सरकारची हाय."

नागप्पाने बोटाने चटणी चाटली. सगळा फाटा हसत होता. नीलम्माही.