मोहोळची घंटा

कुर्डुवाडी माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी एवढा का जळलो ते कुणाला विचारावं लागणार नाही.

खरी कुर्डुवाडी नव्हे. सोलापुरात माझा एक शाळेपासूनचा दोस्त होता. कापडाच्या गिरणीत मागांच्या खात्यावर मास्तर, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याला आगगाडीचं भारी वेड. मुंबईहून चावीची दोन इंजिनं, डबे, पत्र्याचे रूळ आणून त्यानं माडीवरच्या खोलीत भिंतीच्या कडेनं फळ्या ठोकल्या आणि होटगीपासून कुर्डुवाडीपर्यंतचा रस्ता मांडला. रविवारी जेवणं आटोपली की आम्ही तिथं जमायचो. चांगली मिशा पिकायला लागलेली माणसं. प्रत्येकाला एकेक स्टेशन. मास्तर स्वतः सोलापूरला, दवाखान्यातले कंपाउंडर होटगीला, मी कुर्डुवाडीला. शाळेतले एक गुरुजी ड्रायव्हर होते, म्हणजे इंजिनाला चावी द्यायची आणि गाडीबरोबर फळीच्या कडेनं चालायचं. मधल्या मोहोळला कायमचा माणूस नव्हता. कुणी पाहुणा आला तर त्याला तिथं बसवायचे, नाहीतर मास्तर हात लांब करून मोहोळही सांभाळायचा. आता सांगा, ते काय स्टेशन झालं?

कुर्डुवाडीची गोष्ट वेगळी. तिथं बार्शीची छोटी गाडी येऊन मिळते. माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, ती छोटी गाडी मी गजराच्या एका मोडक्या घड्याळातून घडवली होती. इंजिनांच्या स्प्रिंगा तुटल्या की बसवणारा मी. मास्तरनं रूळ आणले असतील, पण गाड्यांत जीव मी घातला होता. म्हणून म्हणतो, कुर्डुवाडी माझी होती.

मास्तरचा कायदा कडक होता. गाडी चालू असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, बोलायचं ते चहाच्या वेळी. एरवी सगळा कारभार घंटांवर. गड्ड्याच्या जत्रेतून बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणून त्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर टांगल्या होत्या. गाडी सोडायची तर दोरी ओढून पुढच्या स्टेशनची घंटा वाजवायची. पुढच्यानं उलट आपली घंटा वाजवली की लाइन क्लिअर मिळाली, मग सिग्नल पाडायचा. उलट घंटा आली नाही तर गाडी हलायची नाही, मग मास्तर असो नाहीतर लाटसाहेब. हा कायदा मला फार आवडायचा. जगात दुसरीकडं कुठं माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

आणि मग तो आला. रेल्वेच्या ऑफिसातला नवा कारकून, तिशीतला, पुण्याकडचा. बोलणं गोड, कपडे परीटघडीचे. पहिल्याच रविवारी खरी शिट्टी आणि हिरवं निशाण घेऊन आला. कंपाउंडर तर खुळ्यागत त्या निशाणाकडं बघत बसले. खाली वहिनींनी, म्हणजे मास्तरच्या बायकोनं, त्याला कडक भाकरीवर शेंगाचटणी वाढली आणि वर दह्याची वाटी. इतक्या वर्षांत मला कधी दही विचारलं नव्हतं! मी वाटीकडं बघतोय आणि हा शहाणा म्हणतो, "वहिनी, अशी चटणी आमच्याकडं नाही हो मिळत." मिळत नाही तर जा की तिकडं, हितं कशाला आलास, असं अगदी ओठावर आलं होतं.

तो यायला लागल्यावर मास्तरचंही चित्त बदललं, असं मला दिसायला लागलं. एकदा बाजारात मी मागून चांगल्या दोन हाका मारल्या, हा वळला नाही. सरळ पुढं निघून गेला. दुकानात आला तरी मी काय म्हणतो तिकडं लक्ष नाही, नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहायचा आणि भलतंच काहीतरी बोलायचा. आवाज तर मुळातच मोठा. मागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या सगळ्यांचाच असतो, पण आता तो माझ्यावर खेकसल्यासारखाच बोलायला लागला. मी मनाशी म्हटलं, झालं, रेल्वेवाला मिळाला, आता घड्याळवाल्याला कोण विचारतो.

पुढच्या रविवारी माडीवर गेलो तर कुर्डुवाडीच्या खुर्चीत तो. शिट्टी गळ्यात, निशाण मांडीवर. माझी बार्शीची गाडी त्याच्या हातात होती आणि तो ती उलटी करून बघत होता.

"तू मोहोळला बस," मास्तर म्हणाला.

"का?"

"बस म्हंतो ना. हितं, माझ्याजवळ."

त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, पाहुण्यांच्या खुर्चीत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चार लोकांत काय बोलणार? बसलो. त्या दिवशी तो पुणेकर दर गाडीला अशी ऐटीत घंटा द्यायचा की ती माझ्या कानात नाही, छातीत वाजायची. बार्शीची गाडी त्याच्याकडून एकदाही रुळावरून उतरली नाही, याचा मला जास्त राग आला. उतरली असती तर मी उठून बसवून दिली असती.

असे तीनचार रविवार काढले. घरी बायको म्हणाली, "जीव जळतोय तर जाता कशाला?" जाता कशाला! न जाऊन ती खुर्चीसुद्धा घालवू?

मग एका रविवारी चहाच्या वेळी मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "कुर्डुवाडी आता झकास चाललीय." एवढंच म्हणाला. पण माझी कुर्डुवाडी काय झकास चालत नव्हती? कप तसाच ठेवला, वर गेलो, आणि मोहोळची खुर्ची फिरवून मास्तरकडं पाठ करून बसलो. ठरवलंच होतं. आज लाइन क्लिअर देत नाही. बघू कुणाचं काय चालतं. कायदा त्यानंच केलाय.

खेळ सुरू झाला. होटगीची गाडी सोलापूरला आली. मास्तरनं दोरी ओढली, माझ्या डोक्यावर घंटा वाजली. मी हाताची घडी घालून गप्प. गुरुजी इंजिन धरून उभे. पुन्हा घंटा वाजली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. कुर्डुवाडीवाला तिकडून मान उंचावून बघतोय हे मला कळत होतं, आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. बोलायचं नाही हा कायदा, त्यामुळं कुणी बोलेना. तिसऱ्यांदा घंटा वाजली, ती अगदी हळू.

चौथी आलीच नाही. मला राहवलं नाही, मी खांद्यावरून मागं पाहिलं.

मास्तर उभा होता. माझ्याकडं बघत नव्हता. डोक्यावरच्या त्याच्या घंटेला त्यानं तळवा लावला होता. अंगात ताप आहे का बघावं तसा. घंटा हलतेय का ते तो हातानं बघत होता. चेहरा पार उतरला होता.

मग त्यानं स्टेशन सोडलं. गाडी सिग्नलला उभी असताना स्टेशन सोडायचं नाही, हाही त्याचाच कायदा. माझ्यासमोर येऊन वाकला आणि त्याला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "घंटा दिलीस का रे तू?"

मी त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते माझ्या डोळ्यांकडं नव्हते, माझ्या ओठांवर होते. बाजारातल्या त्या हाका मला तेव्हा आठवल्या.

"न्हाई दिली," मी म्हणालो. एकेक अक्षर तोंड उघडून म्हणालो.

"न्हाई दिलीस? खरंच न्हाई?"

"न्हाई. रुसलो होतो."

त्यानं मला शिव्या घालायला हव्या होत्या. तो चक्क हसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मला वाटलं, उरलंसुरलं बी गेलं," माझ्या कानाशी लागून म्हणाला. "कुर्डुवाडीवरनं तुझी घंटा मला येतच नव्हती, मर्दा. कुणाला सांगू? हितं घंटांवर तर सगळं हाय. म्हणून तुला जवळ घेतलं. तुझा हात दिसतो की मला माझ्या खुर्चीतनं."

मी खुर्ची होती तशी फिरवली. तो जाऊन सोलापूरला बसला, दोरी ओढली. मी हात चांगला खांद्याच्या वर नेला आणि मोहोळची घंटा दिली. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं, मान हलवली आणि सिग्नल पाडला. गुरुजींनी इंजिन सोडलं.

त्यानंतर कितीतरी रविवार मी तसाच हात वर करून घंटा देत आलो. कंपाउंडर चेष्टा करायचे, मोहोळच्या मास्तरांना दीपमाळ लावायचीय वाटतं. लावायचीय म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातं?

एवढं झालं म्हणून कुर्डुवाडीची आस सुटली असं कुणी समजू नये. बार्शीची गाडी त्या पुणेकराच्या हातात दिसली की पोटात दुखायचं ते दुखायचंच. त्यात माणूस हुशार. एकदा जिना उतरताना त्यानं मला गाठलंच. "मास्तरांना ऐकायला कमी येतं का हो?" अगदी काळजीनं विचारलं त्यानं. म्हणाला, तसं असेल तर मी त्यांच्याजवळ बसतो, तुम्ही तुमची कुर्डुवाडी परत घ्या.

माझी कुर्डुवाडी. इतक्या दिवसांनी, आपण होऊन देत होता.

"त्याला सगळं ऐकू येतं," मी म्हणालो. "तुम्ही तुमची कुर्डुवाडी सांभाळा."