नलूताईंची वीत

गाडी सुरू करू देण्याआधी नलूताई आमच्या छातीला वीत लावायच्या. अंगठा छातीच्या हाडावर, करंगळी स्टेअरिंगकडे. वीत पुरी उघडायच्या आतच करंगळी स्टेअरिंगला टेकली की ओरडा ठरलेला. "मागं सरक गो! मिठी माराला आलीस काय त्याला?"

नलूताई बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यावर मासळीचा टेम्पो त्यांनी स्वतःच चालवायला घेतला आणि पुढे मुलींसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. रस्त्यात कुणी "बाई चालवतेय, बाजूला व्हा" असं ओरडलं, की काच खाली करून म्हणायच्या, "मग हो ना रे बाजूला, उभा कशाला?"

आम्ही मुली सीटबेल्टचा पट्टा हळूच काखेखालून घ्यायचो. छातीवरून गेला की लोक बघतात ना! आधीच्या क्लासचे सर हे बघून नुसतं तोंड फिरवायचे. नलूताईंनी पहिल्याच दिवशी पट्टा ओढून दोन स्तनांच्या मधोमध बसवला, खालचा कमरेच्या हाडावर. "लाजून मरशील ना, तर खरंच मरशील," म्हणाल्या. मी कानापर्यंत लाल झालेले.

माझ्या भावाने, सौरभने, बाबांची गाडी तीनदा ठोकली. दर वेळी घरात एकच वाक्य, "मुलगा आहे, शिकेल." मी चालवत असताना मात्र माजिवड्याच्या चौकात सिग्नल तोडून आलेला एक टेम्पो समोरून धडकला. चूक त्याची. पट्ट्याने धरलं म्हणून वाचले, पण उजवा घोटा मोडला. बाबांनी चावी कपाटात टाकली. "बास. आता गाडी नाही."

मी फिजिओथेरपिस्ट. कल्याणला नोकरी नुकतीच लागलेली, पेशंटच्या घरोघरी जायची. गाडीशिवाय जमणारच नव्हतं. बाबा म्हणाले, "मग नोकरी सोड." असा राग आला होता मला! प्लास्टरमधला पाय घेऊन आदळआपट तरी किती करणार?

नलूताईंना कळलं तशा त्या आल्या आणि थेट बाबांसमोर बसल्या.

"पोरानं तीनदा ठोकली, तवा चावी काढली काय तुम्ही?"

"त्याला कुठे काही लागलं, ताई? हिला लागलं. मुलीची जात नाजूक..."

"नाजूक? अवो, पोरं बेफाम हाणतात म्हणून जास्ती ठोकतात. नी पोरींना लागतं जास्ती, कारण गाडी बनवतात बाप्यांच्या मापानं! तुमच्या गाडीत हिचा पाय पुरत नाय, म्हणून पार पुढं सरकून बसते. धडक बसली की पत्रा पहिला हिच्याच पायावर येणार ना? ठोकणारा मोकळा नी जिला लागलं तिला शिक्षा! हा कुठला न्याय?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बरोबर बोलतायत त्या." बाबांनी तरी हट्ट सोडला नाही. "मी गाडीत असेन तरच ही चालवेल," म्हणाले.

"मग बसा की! कोण नको बोलतंय?"

पाय बरा झाल्यावर नलूताईंनी ओळखीच्या गॅरेजमध्ये सीट माझ्या मापाची करून घेतली. कामावर रुजू व्हायच्या सकाळी त्या माझ्या शेजारी बसल्या, बाबा मागे. माजिवड्याला धडकेची ती जागा आली.

"ताई, पाय थरथरतोय."

"थरथरू दे. ब्रेक दाबतोय ना? मग झालं."

चौक ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि उतरल्या. "माझं काम झालं गो. आता बाप बसंल पुढं." मी काही म्हणायच्या आत त्या बसस्टॉपकडे निघाल्यासुद्धा. त्यानंतर त्या माझ्या शेजारी कधीच बसल्या नाहीत.

बाबा पुढे आले. पट्टा लावला. मग म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता वळव, घरी जाऊ."

"घरी संध्याकाळी, बाबा," मी म्हटलं, आणि गाडी कल्याणच्या रस्त्याला घातली.