फाकामिलेची परवानगी

फाकामिले एकवीस वर्षं प्लॅटिनमच्या खाणीत होता, असं तो सांगे. खाली मात्र तो कधी उतरला नव्हता. वर खिडकीत बसून उतरणाऱ्यांच्या हातात दिवे देणं, एवढंच त्याचं काम. तरी गावी परतल्यावर चालायचा असा, की अर्धा डोंगर यानेच फोडला. त्याची वहिनी मान्गुत्याना ते सगळं ऐकून घेई आणि चुलीकडे तोंड करून हसे. दिराला द्यायचा तो मान ती देत होती, पण अगदी जिवावर आल्यासारखा. तिचा नवरा गेल्यापासून घरात पुरुष म्हणून हाच एक उरला होता, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवी.

दक्षिण आफ्रिकेतल्या पोंडोलँडच्या त्या उतारावर घराघराच्या मागे गांजाची चार झाडं असतातच. मान्गुत्यानाच्या परसात सहा होती. सासूने दिलेल्या बियाण्याच्या डब्याला गेल्या वर्षी ओल लागली, आणि त्यातून वाचलेलं बी पेरून ही सहाच उगवली. त्यांना बी धरलं नाही, तर ते वाण कायमचं संपणार होतं. अशा वेळी ती ओढ्यावर घसरली आणि तिचा पाय महिन्याभरासाठी प्लास्टरमध्ये गेला.

"भावोजी, बोट मातीत दोन पेरं खुपसायचं," तिने खाटेवरून बजावलं. "कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. दुपारी पानं माना टाकतात, ती उन्हाने. संध्याकाळी आपली आपण उठतात. आणि खत मी सांगेपर्यंत नाही."

"मला शिकवता, वहिनी? फोनवर रोज बघतो मी. अमेरिकेत लोक काय काय घालतात!"

"घालू देत. माझी झाडं इथे आहेत."

बोट खुपसायचं तर नखात माती जाणार, म्हणून फाकामिलेने ते काही केलं नाही. दुपारी पानं लवली, त्याने पाणी घातलं. मुळं पाण्यात गुदमरली तशी पानं आणखी लवली, तर याने आणखी घातलं, सकाळ-संध्याकाळ. पानं पिवळी पडली तेव्हा शहरातून खताची बाटली आणली. बादलीला एक झाकण पुरे, असं तिच्यावर लिहिलं होतं. याने तीन ओतली. पानांची टोकं करपली, तेव्हा चौथं. अडाणी माणूस निदान विचारतो तरी. याला तेवढीही अक्कल नव्हती.

"झाडं कशी आहेत?" ती रोज विचारी.

"एकदम झकास!"

तिसऱ्या आठवड्यात तिचं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, आणि बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. तिने कुबडी ओढली आणि ती परसात गेली. चार झाडं मेली होती. एक उपटून पाहिलं, तर मुळं काळी पडून आंबूस वास मारत होती. उरलेल्या दोन झाडांच्या शेंड्याला तेवढी हिरवाई होती.

"तहानेने गेली बिचारी," फाकामिले म्हणाला.

"तहानेने? अहो, इथे बेडूक राहायला आलाय!"

तिला रडू येत होतं, पण याच्यासमोर रडायचं नव्हतं. दोन्ही झाडं आजच उचलून उंच वरंब्यावर लावायला हवी होती, कोरड्या मातीत, आणि माती मोकळी राहावी म्हणून गोठ्याच्या तळाचं जुनं, भुगा झालेलं खत मिसळून.

"तेवढं खणून आणा, भावोजी. दोन बादल्या."

"माझी पाठ, वहिनी... त्यापेक्षा दारापाशी ताजं शेण पडलंय, ते घ्या की."

"ताजं घालून उरलेलीही जाळू?"

मेढींनी वेढलेल्या त्या उघड्या गोठ्यात घरची सून पाय ठेवत नाही. तिथे पूर्वजांचा वावर. चौतीस वर्षांत मान्गुत्यानाने तो उंबरा ओलांडला नव्हता. एकदा वासरू अडकलं म्हणून ती धावली, तर तापाने फणफणलेल्या नवऱ्याने तिला दारात अडवलं आणि स्वतः आत गेला. म्हाताऱ्या बाईला मोकळीक मिळते, पण ती घरच्या कर्त्याने द्यायची. भावकी बोलवायची, बिअर करायची, पूर्वजांना सांगायचं.

फाकामिलेने कुदळीकडे पाहिलं. मग सावलीकडे पाहिलं.

"तुम्हीच जा, वहिनी," तो म्हणाला. "मी परवानगी देतो." आणि खाली बसला.

त्याने नाही म्हणावं, ओरडावं, दारात आडवं उभं राहावं, असं तिला क्षणभर फार वाटलं. तो बूट खरवडत बसला होता. ती कुबडी टेकत आत गेली आणि एका पायावर उभी राहून खणत राहिली. मेढींच्या पलीकडे नवऱ्याची कबर होती. तिकडे बघायची तिला लाज वाटली.

दोनातलं एक झाड जगलं आणि त्याने मूठभर बी दिलं. ती सुपात बी पाखडत होती, तेव्हा फाकामिले येऊन उभा राहिला.

"थोडं मलाही द्या, वहिनी. आपल्या घराण्याचंच बी ना?"

"घराणं तुम्ही त्या दिवशी मलाच देऊन टाकलंत, भावोजी," ती म्हणाली, "दोन बादल्या उचलायला नकोत म्हणून."